कच्चा गडी आधी उभा कर

दिवाळीत तू सेलूला आलीस आणि चार दिवस ओसरीतल्या पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलीस. मी पेपर वाचतो आहे असं तुला वाटत होतं. पेपर निमित्ताला होता. मी तुझी लढाई पाहत होतो. 'बाल्डर्स गेट ३'मधल्या नदीकाठच्या त्या गाणाऱ्या हार्पींनी तुला एका दुपारी सात वेळा मारलं, आणि सातही वेळा तुझी चौघं माणसं एकाच तऱ्हेनं उभी होती. आर्वीची लाल गाडी फलाटाला लागली की आपली माणसं दाराशी जशी एकमेकांच्या अंगावर चढतात, तशी. "फासेच भिकार पडतात मामा," असं तू म्हणालीस. मी काही बोललो नाही. हरलेल्या माणसाला तिथल्या तिथे शहाणपण शिकवू नये, एवढं तुझ्या मामीनं मला पंचवीस वर्षांत शिकवलं आहे. आता तुझी परीक्षा झाली, माझा हरभरा निघाला, म्हणून सवडीनं लिहितो.

मामाला यातलं काय कळतं, असं म्हणशील. पहिला 'बाल्डर्स गेट' १९९८च्या डिसेंबरात आला, पाच सीड्यांवर. माझ्यापर्यंत पोचायला त्याला तीन वर्षं लागली. नागपूरच्या होस्टेलवरच्या एका मित्राच्या पेटीत तो सापडला. तेव्हा पार्टी सहा जणांची असायची, सगळे एकदमच हातघाईवर यायचे आणि स्पेसबार दाबला की लढाई जागच्या जागी गोठायची. भारनियमनाच्या दिवसांत ती स्पेसबार न दाबताही गोठायची, आणि दिवे आले की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. म्हणून लढाईआधी सेव्ह करायची सवय मला लागली, आणि माझ्या पदरचं म्हणावं असं ज्ञान तेवढंच. बाकीचं सगळं तुझ्या आजोबांचं, ज्यांनी जन्मात संगणकाला हात लावला नाही.

आजोबा कबड्डी खेळायचे, उन्हाळ्यात आट्यापाट्या. म्हातारपणी स्वतः उतरणं बंद झालं तेव्हा गल्लीतल्या पोरांचा संघ लावायचे. बाकीचे लोक संघ लावताना आधी दांडगे गडी कोपऱ्यात उभे करतात आणि उरलेल्या जागांवर उरलेले. आजोबा आधी सगळ्यात कच्च्या पोराला हाक मारायचे. "कच्चं पोट्टं आधी उभं कर, मंग बाकीचे त्याच्या हिशेबानं." आम्हाला ते उफराटं वाटायचं. त्यांचं म्हणणं असं, की चढाईवाला दांडग्याकडे पाहतच नाही, तो आल्या आल्या कच्चा कुठे आहे ते हेरतो. म्हणजे चढाई होणार ती कच्च्याच्या जागेवर. मग ती जागा उरलीसुरली कशी चालेल? कच्चा पोरगा कोपऱ्याच्या आतल्या अंगाला, एका हाताला कोपरा, दुसऱ्या हाताला कव्हर. चढाईवाल्याला त्याच्यापर्यंत हात लांबवायचा तर दोन दांडग्यांच्या मध्ये यावं लागतं, आणि आजोबांना तेच हवं असायचं.

तुझा कच्चा गडी म्हणजे तुझा जादूगार गेल. अंगावर झगा, चिलखताचा पत्ता नाही, दोन बाण लागले की आडवा. शत्रूची अक्कलही बहुधा चढाईवाल्यासारखीच चालते. जो लवकर पडेल त्याच्याकडे वळते. तू मात्र आधी लाएझेलला पळवतेस, कारण तिची तलवार मोठी. मग बाकीचे जमेल तसे तिच्यामागे. गेल जिथे येऊन थांबतो ती त्याची जागा नसते, तिथे त्याची पावलं संपलेली असतात एवढंच.

हे उलटं कर. लढाई पेटणार असा वास आला की आधी गेलसाठी जागा शोध. तिथून त्याला मैदान दिसावं आणि एक पाऊल मागे घेतलं की तो मैदानाला दिसेनासा व्हावा. खांब, शिळा, पडकी भिंत, दाराची चौकट, काहीही चालेल. तुझ्या खेळात चालणं आणि वार करणं वेगवेगळं मोजतात. त्यामुळे आडोशातून बाहेर यायचं, आगीचा गोळा टाकायचा आणि उरलेल्या पावलांत परत आडोशाला जायचं, हे एकाच पाळीत बसतं. समोरच्या तिरंदाजाची पाळी येते तेव्हा त्याला नुसता खांब दिसतो. जागा सापडली की तिथपर्यंत किती वाटांनी येता येतं ते मोज. एक वाट असेल तर तिच्यावर लाएझेल. दोन असतील तर दुसरीवर शॅडोहार्ट, ढालीसकट. तीन असतील तर ती जागा सोड, दुसरी पाहा.

वाटेवर उभं केलेल्यानं वाट सोडायची नाही. तुम्ही पोरं त्याला टँक म्हणता, आपल्याकडे 'पाटी धरणं' म्हणतात. आट्यापाट्याच्या नऊ पाट्यांत अडवणाऱ्याला आपली पाटी सोडून धावायची मुभाच नसते, समोरून गडी निसटला तरी. तो मागच्या पाटीवाल्याचा. लाएझेल पळणाऱ्या गॉब्लिनच्या पाठी लागली की दिसायला फार शूर दिसते, आणि तिच्यामागे गेलपर्यंत सडक मोकळी होते. पळणारा पळू दे. 'पिलर्स ऑफ एटर्निटी' नावाचा २०१५चा एक खेळ आहे, त्यात तर हा नियमच करून टाकला आहे: लढवय्या समोरच्याला गुंतवून धरतो आणि धरलेल्यानं निसटायचा प्रयत्न केला की त्याला वार बसतो. मला तो खेळ एवढ्यासाठीच आवडतो. गोष्ट फार लांबण लावते.

आता दाराचं. अरुंद दार सापडलं की तू खूश होऊन लाएझेलला नेमकी दारात उभी करतेस. आजोबा बकऱ्या कोठ्यात घ्यायचे ते आठवतं? तू लहान होतीस. ते कधी फाटकात उभे राहत नसत. फाटकात माणूस दिसला की बकऱ्या बाहेरच तुंबतात आणि मागची पुढचीला ढकलते. ते दोन पावलं आत, एका अंगाला उभे राहायचे, हातात काठी, आणि एकेक बकरी आत आली की मोजायचे. लाएझेल दारात उभी असते तेव्हा बाहेरचे पाचही तिरंदाज तिच्यावर बाण सोडू शकतात, आणि तुझ्याकडून तलवार फक्त तिची चालते. तिला दोन पावलं आत घे, दाराच्या बाजूला. आता बाहेरच्यांना काही दिसत नाही. पाहायला आत यावं लागतं, आणि दारातून एका वेळी एकच येतो. आत आलेल्या त्या एकावर तुझे तिघं असतात. मोजत बसायचं.

खिंड म्हटलं की सगळे पावनखिंड काढतात. १६६० साली तिथे बाजीप्रभूंना लढाई जिंकायचीच नव्हती, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ काढायचा होता, आणि त्याची किंमत त्यांनी जाणून दिली. खेळात असा हिशेब रोज मांडू नये. मला उंबरखिंड जास्त शिकवते. फेब्रुवारी १६६१. कारतलबखानाची फौज घाटातून कोकणात उतरत होती, आणि तिच्यात आपल्या भागातली, माहूरची सरदारीण रायबागनही होती. वाट अरुंद, दोन्ही अंगांना रान. महाराजांचे लोक आधीच वर चढून बसलेले, पुढचं तोंड बंद, मागचंही बंद. खान शरण आला, सामान टाकून गेला. खिंड तीच, पण जो आधी जागेवर बसला त्याची ती झाली आणि जो चालत आत आला त्याचा पिंजरा. म्हणून तू स्वतःहून शत्रूच्या घरात शिरू नकोस. एक बाण मार, मागे ये, आपल्या दारापाशी थांब. त्यांना ओढून आण.

पण अरुंद वाटेचं फार कौतुकही नको, माझी एकदा चांगली जिरली आहे. पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये फायरवाईन नावाची पडकी भुयारं आहेत. वाट इतकी चिंचोळी की दोन माणसं शेजारी मावत नाहीत, आणि समोरून कोबोल्ड पेटते बाण मारतात. मी सहा जणांची दिंडी घेऊन आत शिरलो. पुढचा अडला की मागच्याला वाट सापडत नसे, आणि त्या काळच्या खेळाची अक्कल अशी की ज्याला पुढे जागा मिळेना तो सगळ्या भुयाराला वळसा घालून पलीकडून यायला निघायचा. हा वळसा घालणारा दर वेळी माझा जादूगार. मी इकडे स्पेसबार दाबून डोकं खाजवतो आहे, आणि तो बिचारा एकटाच कोबोल्डांच्या मागच्या बाजूला निघाला. शेवटी दोघांना आत नेलं, चौघांना बाहेर ठेवलं, तेव्हा निभावलं. अरुंद जागेत जितके कमी तितके बरे. शत्रूला जशी गर्दी नडते तशी आपल्यालाही.

गर्दीवरून आठवलं. हे खेळ ज्याच्या पोटी जन्मले तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४चा. तो काढणारे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघेही मुळात टेबलावर चिमुकले सैनिक मांडून, पट्टीनं अंतर मोजून लढाया खेळणारे लोक. ती पट्टी अजून या खेळांच्या आत आहे. तुझ्या खेळात आगीच्या गोळ्याची त्रिज्या चार मीटर आहे. आपलं पुढचं अंगण जवळजवळ तेवढंच. म्हणजे अंगणात चौघं उभी असतील तर चौघंही भाजणार. मग कुणाला एकटं टाकायचं नाही आणि गठ्ठ्यानंही उभं राहायचं नाही, हे कसं जमवायचं? आजोबांच्या मापानं: हाकेच्या अंतरावर, पण एका घोंगडीखाली नाही. शॅडोहार्टचा दुरून बरं करायचा मंत्र पोचेल एवढं जवळ, आणि एका गोळ्यात दोघांहून जास्त सापडणार नाहीत एवढं लांब.

आपला गोळा टाकतानाही तेच. चैतात धुरे जाळताना आजोबा काडी ओढायच्या आधी शेताला एक फेरी मारायचे. वारा कुणीकडून आहे, कुटाराचा ढीग कुठे आहे, बैल कुठे बांधले आहेत. आणि मी कुठे उभा आहे तेही, कारण मी नेहमी नको तिथेच असायचो. तुझी काडी आधी पेटते, मग तू पाहतेस की लाएझेल तेलात उभी आहे. हाच खेळ करणाऱ्या लॅरियन कंपनीचा २०१७चा 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' तू खेळशील तर तिथे जमिनीकडे पाहिल्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही. पाऊस पाडला की डबकं, डबक्यात वीज सोडली की डबक्यातले सगळे गारद, आपले धरून. जादूगाराची एक शाखा अशी आहे खरी की तिच्या आगीची झळ आपल्या माणसांना लागत नाही. गेलला ती देऊन टाक म्हणजे मला रात्री झोप येईल.

उंचीचं तुला ठाऊक आहे, पण अर्धंच. जागलीला माळ्यावर का बसायचं? बोरच्या जंगलाकडून डुकरं येतात, रोही येतात. त्यांची वाट वरून दिसते, आणि गोफणीचा दगड वरून लांब जातो. खेळात उंचावरून बाण मारला तर फाशात दोन वाढतात आणि खालून वर मारला तर दोन घटतात. वीस बाजूंच्या फाशाला एकेक आकडा म्हणजे शंभरात पाच. तू वर आणि तो खाली असला की तुमच्या दोघांत शंभरातल्या वीसांचा फरक पडला, काही न करता. हार्पी दगडावर बसून गातात आणि तू वाळूत उभी राहून त्यांच्यावर बाण मारतेस, मग फासे भिकार नाही तर काय पडतील? राहिलेलं अर्धं असं की माळ्याच्या कडेला बसू नये. तुझ्या खेळात कुणीही येऊन नुसता धक्का देतं आणि खाली पडल्याचा मार वेगळा लागतो. वर चढलेल्यानं काठापासून दोन हात आत राहावं, आणि शत्रू काठावर दिसला की तलवार म्यान करून त्याला धक्का द्यावा. मोठ्या कोळिणीच्या त्या खोल गुहेत जाशील तेव्हा हे आठव. ती जाळ्याच्या पुलावर आली की तिच्यावर बाण खर्चू नकोस, पूल जाळ. बाकीचं खड्डा पाहून घेतो.

मागे कसं सरायचं हे कुणी शिकवत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या आळीतलं ते पिवळं कुत्रं तुला चावलं होतं, कारण तू त्याच्यापुढून पळालीस. उभी राहिली असतीस तर नुसतं भुंकलं असतं. खेळातही शत्रूला भिडल्यावर पाठ फिरवून पळालीस की त्याला एक फुकटचा वार मिळतो. पण त्या वाराला मर्यादा आहे: एका फेरीत एका शत्रूला तो एकदाच करता येतो. म्हणून गेल सापडला असेल तर आधी गेलला पळवू नकोस. त्याच शत्रूला लाएझेल भिडलेली असेल तर तिला एक पाऊल मागे घे, तिच्या अंगावर चिलखत आहे, तो फुकटचा वार तिच्यावर वाया जाऊ दे. आता गेल निवांत चालत जाईल, कुत्र्याचं भुंकून झालेलं असतं. गेलकडे धुक्यातून उडी घेऊन दुसरीकडे निघायचा मंत्र असेल तर प्रश्नच नाही, पण तू तो नेहमी आधीच्याच लढाईत उडवून ठेवतेस. आणि तुझ्या चौथ्या गड्याच्या, धनुष्यवाल्याच्या, नाकाशी शत्रू आला की त्याला तिथूनच बाण मारायला लावू नकोस, नेम बिघडतो. तलवार काढ, नाहीतर ढकल.

सगळ्यात मोठी चूक मात्र लढाईच्या आधी होते. तू बोलायला जातेस. समोर सात गॉब्लिन आणि त्यांचा म्होरक्या, आणि तू चौघांना घेऊन त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहतेस, सोयरिकीला गेल्यासारखी. बोलणी फिसकटली की चौघंही वर्तुळाच्या आत. बोलायला एकटीनं जा. बाकी तिघांची साखळी आधी सोड आणि त्यांना आपापल्या जागी बसव, गेल आडोशाला, एक जण उंचावर. मग तोंड उघड. आपल्याकडे वाटणीच्या बैठकीला पाटील यायच्या आधीच जाणती माणसं कुठे बसून घेतात, ते तू पुढच्या लग्नात पाहून ठेव.

एकट्यानं पुढे जाण्याबद्दल सांगायचं राहिलं. सेलूहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की केळझर येतं. महाभारतातली एकचक्रा ती हीच, असं इकडे मानतात. बकासुराला दर दिवशी गाडीभर अन्न आणि एक माणूस द्यावा लागायचा, आणि एक दिवस ती गाडी भीम घेऊन गेला. एकटाच. गेला तो गेला, गाडीतलं अन्नही खाल्लं. गणपतीला जाताना दर वेळी आजोबा ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "एकट्यानं जायचं तं भीम व्हा लागते." तुझा धनुर्धारी भीम नव्हे. त्याला एकट्याला पुढे पाठवू नकोस.

हे पत्र मी गेल्या महिन्यात इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात तू पुन्हा आलीस आणि ओसरीत बसून पुन्हा त्या हार्पी काढल्यास. या वेळी मी पेपरचं नाटक केलं नाही. तू आधी गेलला एका शिळेमागे नेलंस. लाएझेल वाळूच्या तोंडाशी. शॅडोहार्ट तिच्यामागे, हाकेच्या अंतरावर. मी मनातल्या मनात आजोबांना हात जोडले. मग तू धनुर्धारी उचललास आणि त्याला पार पलीकडच्या उंच कड्यावर नेऊन बसवलंस, सगळ्यांपासून लांब, एकटा.

"तो एकटा पडला ना," मी म्हणालो.

"त्यांचं गाणं तिथपर्यंत पोचत नाही मामा. इकडे तिघं भुलली तरी तो शुद्धीवर राहते."

गाणं सुरू झालं. लाएझेल झोपेत चालावं तशी पाण्याकडे निघाली, शॅडोहार्टही. कड्यावरून बाण सुटला, गाणारी हार्पी दगडावरून कोसळली आणि लाएझेल गुडघाभर पाण्यात दचकून जागी झाली. दुसरीनं सूर धरला तसा दुसरा बाण. तिसरी उडून कड्याकडे निघाली तेव्हा मी पुढे सरकून म्हणालो, आता त्याचं कसं?

तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "केळझरला तुम्हीच नेलं होतं ना," म्हणालीस, आणि हार्पी काठावर उतरताच धनुष्य बाजूला ठेवून तिला धक्का दिलास.